खालच्याचा आवाज

शिमग्याआधीच्या एका सोमवारी अकोल्यात दादाचा हात रुई दाबायच्या पेचात गेला. मी अमरावतीत शाळेत शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून आलेल्या गाडीवाल्याने निरोप दिला. मी निघालो. पोचलो तेव्हा डॉक्टरने मनगटाच्या वर हात कापला होता.

हे लिहायला मी म्हातारपणापर्यंत थांबलो, कारण दादा होता. तो असताना लिहिलं असतं तर त्याच्या देखत मामावर फिर्याद केल्यासारखं झालं असतं, आणि तशी फिर्याद त्याला नको होती. आता दादा नाही. मामा तर त्याच्या कितीतरी आधी गेला. दादाचे दिवस करून मी गावाहून परत आलो आहे आणि सकाळी उजेड चांगला असतो तेव्हा थोडं थोडं लिहितो. काही दिवशी एक वाक्य होतं. काही दिवशी कालचं वाक्य खोडतो.

आमचं गाव दर्यापूरकडचं. वर काळी जमीन आणि खाली खारं पाणी. नवी विहीर खणली की गाव तिच्या काठाशी जमतं, पहिलं पाणी जिभेवर ठेवतं आणि बहुतेक वेळा थुंकून घरी जातं. गोड पाणी लागलं तर नारळ फुटतो. आमच्याकडे खडक नाही, नुसती माती आहे, आणि खोल जावं तशी ती कधी सुटेल याचा नेम नसतो. म्हणून विहीर खणणारे एकटे काम करत नाहीत. त्यांची टोळी असते. आमच्या गावच्या टोळीचा मुकादम माझा मामा होता.

वडील गेले तेव्हा मी रांगत होतो. आईला आणि आम्हा दोघा भावांना मामाने आपल्या घरी आणलं. दादाला मिसरूड फुटलं तसं मामाने त्याला विहिरीत उतरवलं. मलाही एकदा उतरवायचं ठरलं होतं, पण मी कुठल्याशा पोथीचं फाटकं पान हातात धरून बसलेला दिसलो, तेव्हा मामा आईला म्हणाला, "याले खाली सोडलं तर हा तठीच वाचत बसन. वरून ढेकूळ पडलं तरी मान वर करनार नाई. याले अमरावतीले धाडू." त्याने मला स्वतः बैलगाडीतून नेऊन शाळेत बसवलं. मास्तरांच्या पुढे तो हात जोडून उभा राहिला होता. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचं म्हटलं तरी जमणार नाही.

टोळीत सगळ्यांत मोठा मान खाली उतरलेल्या माणसाच्या आवाजाला होता. खालचा माणूस टोपल्यात माती भरतो, वरचे रहाट फिरवून ती ओढतात. वरच्यांना खालचं दिसत नाही. टोपलं अर्धवट अडकलेलं असताना, किंवा खालच्याचा हात दोरात असताना रहाट फिरला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून काठावर बसलेला मुकादम आधी विचारायचा, "बोल!" खालून उत्तर यायचं, "ओढ!" ते आल्याशिवाय रहाट हलायचा नाही. खालचा माणूस झोपला असो की रागावला असो, आवाज येईपर्यंत सगळे थांबून राहायचे.

यावरच टोळीचा न्यायही उभा होता. खालच्याने स्वतः "ओढ" म्हटलं आणि मग त्याला इजा झाली, तर ते त्याचं नशीब. पण आवाज न येता वरच्यांनी ओढलं आणि तो जायबंदी झाला, तर टोळीने त्याला जन्मभर आपल्यातला धरायचं. तो काम करो न करो, मजुरीच्या वाटण्या पडतील तेव्हा त्याची वाटणी आधी काढायची. तिला खालच्याचा वाटा म्हणत. माझ्या लहानपणी एक लंगडा म्हातारा असा वाटा घ्यायला यायचा. तो आला की बसायला आधी त्याला घोंगडं टाकत.

आवाज आला होता की नाही यावर वाद झाला, तर टोळी गावातल्या जुन्या विहिरीपाशी बसायची. ज्याला बोलायचं त्याने विहिरीच्या पाण्याने ओंजळ भरायची आणि पाणी हातात असेपर्यंत बोलायचं. त्या पाण्यावर बोललेलं खरं. त्यापुढे कोणी काही विचारायचं नाही.

अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली आणि आमच्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्वारीच्या वावरातही कापूस पेरला गेला. मग रेल्वेचे रूळ अकोल्यापर्यंत आले आणि स्टेशनाजवळ मुंबईच्या एका पेढीने रुई दाबायचा पेच बसवला. विहिरीची कामं कधी मिळायची, कधी नाही. पेचावर हंगामभर रोज होता. मामाने टोळी उचलली आणि अकोल्याला नेली. दादा गेला, त्याच्यामागे वहिनीही गेली.

पेच म्हणजे जमिनीत खड्डा करून बसवलेली लाकडाची खोल पेटी. तिच्यात रुई टाकून पायांनी तुडवायची, वर तागाचं कापड पसरायचं, आणि मग मोठ्या लोखंडी मळसूत्राला लावलेली फळी त्यावर उतरवायची. मळसूत्राला आडवे दांडे असत. माणसं दांड्यांना छाती लावून, माना खाली घालून गोल गोल फिरत आणि फळी खाली खाली जाई. फळी उतरता उतरता एकाने कापडाची कड आत दुमडत राहायचं. कड बाहेर राहिली तर गठाण फुटते. हे काम दादाचं होतं. दांडा ढकलणाऱ्यांना तो दिसत नसे, त्यांची पाठ त्याच्याकडे असायची किंवा नजर जमिनीला असायची. टोळीने विहिरीवरची रीत जशीच्या तशी इथे आणली. मामा विचारायचा, "बोल!" दादा दोन्ही हात वर करून ओरडायचा, "ओढ!" मग दांडे फिरायचे. एक वेढा, पुन्हा "बोल!", पुन्हा "ओढ!" पेचावरचे दुसरे मजूर यांना हसायचे. म्हणायचे, पेचाशी गप्पा मारणारी टोळी.

लढाई संपली होती आणि चढलेला भाव घसरत चालला होता. पेढीच्या गुमास्त्याला घाई झाली. भाव आणखी पडायच्या आत माल मुंबईला पोचायला हवा होता. त्याने पेचाशी एक घंटा टांगली. घंटा वाजली की दांडे हलले पाहिजेत, मध्ये बोलणं नको. त्या सोमवारच्या आधीच्या दिवाळीला मी अकोल्याला गेलो होतो तेव्हा घंटा नुकतीच आली होती. दादा जेवताना म्हणाला, "घंटेले का बोटं हायेत? तिचं काय जाते वाजाले!" सगळे हसले. मामाही हसला. म्हणाला, "हंगाम सरू दे. मग घंटा गुमास्त्याच्या बैलाच्या गळ्यात बांधू."

हंगाम सरायच्या आधी तो सोमवार आला.

सरकारी दवाखान्यात दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनी खाली बसली होती. जखम बांधायला एक म्हातारे मुसलमान कंपाउंडर होते. त्यांनी माझ्याकडे पाहून, मी शिकलेला आहे हे ओळखून की काय, हलक्या आवाजात सांगितलं, "मास्टरजी, मौसम में उधर कपास आती है, इधर हाथ आते हैं." खरंच होतं ते. शेजारच्या खाटेवर सरकी काढायच्या चरख्यात बोटं गेलेला एक माणूस होता. पलीकडे गाडी भरताना गठाणीखाली पंजा चिरडलेला एक. कोणाची बायको आली होती, कोणाजवळ कोणीच नव्हतं. मुकादम मात्र फक्त दादाचा आला होता.

मामा आला तो सरळ दादाच्या पायांशी वाकला. आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाच्याच्या पाया पडतो. भाचा म्हणजे बहिणीचं लेकरू, देवाच्या जागी. रोजचीच रीत होती, पण त्या दिवशी मामाने कपाळ दादाच्या पायांवर टेकवलं ते उचलेना. मग दादाचा राहिलेला हात हातात घेऊन तो म्हणाला, "तू बोलला नव्हता रे. मले मालूम हाये. घंटा वाजली अन् आमी चाललो. तुह्या आवाजाची वाट नाई पायली. चूक आमची."

टोळीतले आणखी दोघे-तिघे मागे उभे होते. त्यांतला एक, दादाचा लहानपणापासूनचा जोडीदार, तोंडात उपरणं कोंबून रडत होता.

दादा म्हणाला, "मामा, हात गेला तर गेला. वाटा रायतो ना?"

"रायतो म्हंजे? मी मेलो का अजून?"

दादाने डोळे मिटले. दोन दिवसांत पहिल्यांदा तो झोपला, असं वहिनीने मला नंतर सांगितलं.

मी तिथे होतो. हे शब्द मी कानांनी ऐकले. पुढे जे झालं ते आठवताना दर वेळी मी आधी दवाखान्यातलं हे आठवतो. माझं मन मला फसवत नाही ना, याची खात्री करून घेतो.

मी शिकलेला होतो, म्हणून मला वाटलं की हा टोळीपुरता प्रश्न नाही. पेच पेढीचा, घंटा पेढीची. मी गुमास्त्याकडे गेलो. माणूस उद्धट नव्हता. त्याने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"मास्तर, आम्ही मुकादमाकडून बांधलेल्या गठाणी घेतो," तो म्हणाला. "माणसं कोण, कुठली, ते मुकादम जाणे."

"घंटा कोणाची?"

"घंटा पेढीची. पण हात आत घाला, असं घंटेने कोणाला सांगितलं नव्हतं."

अमरावतीला परत आल्यावर मी एका वकिलांना विचारलं. ते माझ्या पुस्तकांच्या ओढीमुळे मला ओळखत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बैलाने मारलं असतं तर बैलाच्या मालकाला विचारता आलं असतं," ते म्हणाले. "पेच काही उधळत नाही. तुमच्या भावाची गाऱ्हाणी ऐकणारा कायदा अजून कोणी केलेला नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या टोळीची काही रीत असेल तर तीच धरून राहा."

तीच धरून आम्ही राहिलो. पाडवा झाला, हंगाम सरून पेच बंद झाला आणि टोळी गावी आली. वाटण्या व्हायच्या आधी जुन्या विहिरीपाशी बैठक बसली. मीही आलो होतो. मला काळजी नव्हती. मामा बोलणार होता आणि मामा काय बोलणार ते मी आधीच ऐकलं होतं.

मधोमध टोळीतले सगळ्यांत जुने बाबा बसले. बाकीचे गोल करून. बायका लिंबाखाली, डोक्यावर पदर घेऊन. मामा आला, नेहमीसारखा दादाच्या पायांशी वाकला, आणि विहिरीकडे गेला. पोहऱ्याने कोणीतरी त्याच्या हातांवर पाणी ओतलं. ओंजळ भरली.

"बोल मुकादम," बाबा म्हणाले. "भाच्याचा आवाज आल्ता का?"

मामा बोलेना. त्याची मान खाली होती. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. बराच वेळ गेला.

"आल्ता," मामा म्हणाला. "ओढ म्हनला, मंग आमी चाललो."

त्यानंतर एकेक जण उठला, ओंजळ भरली, म्हणाला, "आल्ता." दादाचा तो जोडीदार शेवटी उठला. तो म्हणाला, "मुकादम म्हनते तर आल्ताच असन."

मग दादाची पाळी आली. तो उठून विहिरीपाशी गेला आणि त्याने डावा हात पुढे केला. पाणी ओतणाऱ्याने पोहरा उचलला आणि बाबांकडे पाहिलं. एका तळव्यावर पाणी ओतलं तर ते ठरत नाही.

"ओंजळ पाह्यजे," बाबा म्हणाले. त्यांनाही ते म्हणायला जड जात होतं.

मी पुढे झालो. म्हणालो, "माझा हात लावतो. आम्ही एका आईचे आहोत."

"तू कधी खाली उतरला हायेस का?"

"नाही."

"मंग तुहा हात कोरडा हाये, मास्तर. बस खाली."

लिंबाखालून वहिनी उठून आली. मामेसासऱ्यासमोर तिने कधी तोंड वर केलं नव्हतं. तिने आपला उजवा हात दादाच्या डाव्या हाताला भिडवला. दोन्ही मिळून ओंजळ झाली. गोलातून कोणीतरी म्हणालं, "आता बायका बी विहिरीत उतरतीन का?" आणि काहीजण हसले.

वहिनी त्या आवाजाकडे न पाहताच म्हणाली, "तुमच्याजवळ दोन दोन होते, तुमी कायले वापरले ते देवानं पायलं. यायच्यापाशी एक हाये, म्हून म्या माहा देल्ला. वता पानी."

"पोरी, रीत नाई," बाबा म्हणाले.

पोहरेवाला उभाच राहिला. दादाने आपला हात हळूच काढून घेतला. "राहू दे," तो तिला म्हणाला. तिचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला, मग तिने तो पदरात घेतला.

ज्याची ओंजळ झाली नाही त्याचं बोलणं झालं नाही. ज्या हाताचा न्याय मागायचा होता तोच नसल्यामुळे न्याय मागता येईना, हे त्या गोलात बसलेल्या एकालाही वेडेपणाचं वाटलं नाही की वाटूनही कोणी बोललं नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. वाटण्या झाल्या. दादाचं नाव कोणी घेतलं नाही.

संध्याकाळी मामाने मला गावाबाहेर गाठलं. मी चालत होतो, तो मागून आला.

"माह्यावर चिडून राहिला ना तू?"

मी चालतच राहिलो.

"गुमास्ता म्हनला, चूक टोळीची असन तर टोळी पुढल्या हंगामाले नाई. खानदेशातले मानसं बसूनच हायेत. सगळ्यायच्या चुली त्या पेचावर, मास्तर. तुह्या दादाची एक चूल. तू सांग, मी काय करू?"

"दवाखान्यात बोललास तेच इथे बोलायचं होतंस."

"तुले शाळा म्हनते, खरं बोल. मले ते लोकं इचारतात, ज्वारी कुठी हाये." मग तो जवळ आला आणि त्याने आवाज खाली केला, जणू मला काही चांगली बातमी सांगायची होती. "अन् आयक. म्या खोटी शपथ नाई घेतली. बोटं सैल सोडले होते. 'आल्ता' म्हनलो तवा ओंजळीत टिपूस नव्हता. तुह्या दादाले इचार. त्यानं पायलं."

तो इतका वेळ मान खाली घालून का उभा होता ते मला तेव्हा समजलं. तो पाणी गळायची वाट पाहत होता.

लग्नानंतर दादाने मामापासून वेगळं घर केलं होतं; तिथे जाऊन मी त्याला विचारलं. तो ओट्यावर बसून डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडायचा प्रयत्न करत होता.

"व्हय," तो म्हणाला. "पायलं मी."

"मग बोलला का नाहीस? ओंजळ कोरडी आहे एवढं म्हणायचं होतं. सगळ्यांनी पाहिलं असतं."

"म्हनलो असतो तर त्याले पुन्हा भरा लागली असती. भरल्या ओंजळीनं खोटं बोलला असता तर?" तो भाकरीकडे पाहत होता. "मामा हाये तो. त्याले पाप काहून लावू?"

मी म्हणालो, "भरल्या ओंजळीने तो खरंही बोलला असता."

दादाने भाकरी दातांनीच तोडली. मीच ते वाक्य पुढे आयुष्यभर वागवलं. मामा खोटं बोलला, याचा राग कदाचित विझला असता. चुलींचं ओझं मला समजत होतं. पण खोटंही बोलायचं आणि त्याचं पापही चुकवायचं, आणि ते चुकवण्यासाठी, ज्याचा घात करतोय त्याच्याच गप्प बसण्याचा आधार घ्यायचा, हे मला गिळता आलं नाही. मामाला ठाऊक होतं की दादाची नजर त्याच्या हातांवर असणार. विहिरीच्या तोंडाशी बसून रहाटावरच्यांचे हात पाहायला त्यानेच दादाला शिकवलं होतं.

दादा त्यानंतर पुष्कळ जगला. वहिनी कापूस वेचायला जाऊ लागली. मला जमेल तसं मी पाठवत राहिलो. दादा डाव्या हाताने विळा धरायला शिकला, मग बैल हाकायला. मामाकडे सणाचा डबा जातच राहिला. तो दादाच पाठवायला लावायचा. वहिनी डबा भरायची, पण घेऊन कधी गेली नाही.

दोन-तीन हंगामांनंतर अकोल्यात वाफेवर चालणारा पेच आला. दांडे ढकलणारी माणसं कोणालाच नको झाली. खानदेशातली नाही, आमचीही नाही. टोळी गावाकडे परत आली आणि पुन्हा विहिरी खणू लागली. एक दिवस तो जुना जोडीदार आमच्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी करून म्हणाला, "काठावर बसाले मानूस पाह्यजे. मामा आता खाली उतरते. तुह्यावानी कान कोनाचा नाई."

वहिनी आतून म्हणाली, "कान पाह्यजे, मानूस नाई पाह्यजे का?" पण दादा गेला. काठावर बसायला दोन हात लागत नाहीत. रोज मिळू लागला. खालच्याचा वाटा मात्र कोणी काढला नाही, आणि त्याचं नावही निघालं नाही.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीत गावी होतो. गावच्या वेशीजवळ टोळी नवी विहीर खणत होती. मी रोज पुस्तक घेऊन काठापासून दूर बाभळीखाली बसायचो. खाली मामा होता. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. उतरण्याआधी तो रोज दादाच्या पायांशी वाकायचा आणि दादा रोज पाय मागे न घेता बसून राहायचा.

त्या दिवशी दादाने विचारलं, "बोल!" खालून काही आलं नाही. रहाटावरचे थांबले. दादाने पुन्हा विचारलं. काही नाही. एक जण म्हणाला, "भरलं असन. ओढू का?"

"आवाज नाई आला," दादा म्हणाला.

"म्हातारा हाये. विसरला असन."

"आवाज नाई आला." दादाने डावा हात रहाटाच्या दांड्यावर ठेवला. उन्हात सगळे तसेच उभे राहिले. मला पुस्तकातलं अक्षर दिसेना. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग खालून मामाचा आवाज आला, ओला, फाटलेला. "ओढ!"

टोपल्यात चिखल होता आणि चिखलावर पाणी तरंगत होतं. पुढच्या खेपेला मामाच वर आला, ओंजळीत पाणी घेऊन. दोराला छाती लावून, ओंजळ सांभाळत तो कसा चढला देव जाणे. गाव जमलं. जोडीदाराने त्याच्या ओंजळीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तो ओरडला, "गोड! गोड लागलं!" कोणी नारळ आणायला पळालं.

मामा दादासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने ओंजळ पुढे केली. पहिलं पाणी भाच्याला. दादाने ते घेतलं नाही. तो उठून उभा राहिला. टोळी होती, जुने बाबा काठी टेकून आले होते, गाव होतं.

"मामा," दादा म्हणाला, "तुह्या ओंजळीत पानी हाये. बोल."

हे एवढंसं बोलणं कशाबद्दल आहे ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. नारळाचा गलबला थांबला. मी बाभळीखालून उठून उभा राहिलो होतो. मामाची बोटं घट्ट मिटलेली मला दिसत होती. या खेपेला त्याने एक थेंबही सांडू दिला नाही. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी, आता.

"पानी गोड हाये," मामा म्हणाला.

दादाने थोडा वेळ वाट पाहिली. ज्याच्या आवाजासाठी तो थांबला होता, तो आवाज आणखी काही बोलतो का, ते त्याने ऐकलं. मग तो वाकला, मामाच्या ओंजळीला तोंड लावून पाणी प्याला, आणि घरी आला. मामाकडे जाणारा सणाचा डबा त्या वर्षापासून बंद झाला. बंद कर, असं त्याने वहिनीला सांगितलं नाही. वहिनीने भरला नाही आणि त्याने विचारलं नाही.

मामा गेला तेव्हा दादाने खांदा दिला. त्याआधी आजारपणात मामाने त्याला बोलावलं होतं. दादा जाऊन बसला होता. मी नंतर विचारलं, "काही बोलला का?" दादा म्हणाला, "पानी मागतलं."

यंदा दादा गेला. त्याला मूल नव्हतं, म्हणून मी पूर्णेच्या काठी बसून ओंजळीने त्याला पाणी दिलं. वहिनी आता ओट्यावर एकटी बसते. जुन्या टोळीतलं कोणी उरलेलं नाही, तिची रीतही नाही. वेशीजवळची विहीर आहे. तिचं पाणी गोड आहे. मामाच्या घरचेही तिथूनच भरतात.